तंबूतला ट्रम्पेट

मोबाइल घरीच ठेवा, आपण पन्नासच्या दशकात चाललोय, तिकडे रेंज नाही. घोंगडी मात्र घ्या. मार्गशीर्षातली पौर्णिमा आहे, हुमनाबादची थंडी नुसत्या चहाने जात नाही.

हैदराबाद राज्याच्या आरटीडी बसने तुम्हाला सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर उतरवलं आणि धुरळा उडवत ती निघून गेली. तांबडी धूळ दातांत करकरतेय. माणिकनगरला दत्तजयंतीची यात्रा भरलीय. सोडलेल्या बैलगाड्या, कडबा, शेण, आणि मिरची-भज्यांच्या कढईतून उठलेला ठसका. माणिकप्रभूंच्या समाधीकडून मृदंग ऐकू येतोय आणि इकडे तंबूतल्या टॉकीजबाहेर बांबूवर चढवलेला कर्णा घसा फाडतोय: ‘अलबेला! भगवान, गीता बाली!’ मुंबईत हे चित्र 1951 साली लागलं. तंबूत यायला जरा उशीर झालाय, पण इथे कोणाचं काही अडलेलं नाही.

तिकिटाची खिडकी म्हणजे कनातीला पाडलेलं भोक. हात आत घाला. आतून विचारणा होते, “कलदार की हाली?” निजामाचा हाली शिक्का अजून चालतोय, सहा कलदार, म्हणजे भारत सरकारच्या, रुपयांना साधारण सात हाली. तुम्ही हिशेब जमवेपर्यंत एक पोरगा तुमच्या काखेखालून पुढे सटकलेला असतो.

आत खाली वाळू. मधे कापडाचा आडोसा, पलीकडे बायका, त्यांची रडणारी पोरं आणि शेंगांचे पुडे. बिडी, चारमिनार, रॉकेल, खोबरेल तेल, सगळं नाकात एकदम शिरतं. “कूड्री, कूड्री!” “खाली बस की बे!” “बैठो मियाँ!” तिन्ही भाषांतला राग तुमच्यावरच आहे, कारण उभे तुम्हीच आहात. बसा.

बाहेर ऑइल इंजिन धडधडायला लागतं. मागे मशीनवाला कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींजवळ आणतो. चर्रर्र होतं आणि पडदा पांढराफेक पडतो. मशीन एकच, म्हणून रीळ संपलं की अंधार. अंधारात शिट्ट्या, खोकला आणि कोणाच्या तरी पायावर पाय.

पडद्यावर प्यारेलाल आहे: बुटका, गोलमटोल, नाटकवेडा. स्टंटपटांतून आलेल्या भगवानदादांना नाच फार येतो असं नाही. खांदे हलवतात, पाय जेमतेम उचलतात. पण ‘शोला जो भडके’ सुरू होतं, बोंगो घुमायला लागतात, आणि तुमच्या शेजारचे दणकट आजोबा पटका सावरत तसेच खांदे उडवू लागतात. एवढं सोपं नाचणारा हिरो त्यांनी कधी पाहिलेला नाही. पुढून पैसे उडतात. एक नाणं तुमच्या कानावर बसतं. कलदार निघालं तर ठेवून घ्या.

गातंय कोण? चितळकर. म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. संगीतही त्यांचंच, तिथे नाव सी. रामचंद्र. त्यांना दाद पुष्कळ मिळाली, मिळायलाच हवी.

आता डोळा लवू देऊ नका. पुढच्या एका गाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेलं बँडपथक येतं. त्यातला तो ट्रम्पेटवाला पाहिलात? तंबूत त्याचं नाव एकालाही ठाऊक नाही. तो चिक चॉकलेट, गोव्यातल्या हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ. मुंबईत ताजमध्ये त्याचा बँड वाजे, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळातला स्विंगचा झटका मोठ्या अंशी त्याच्यासारख्या गोवेकरांचा. तिकडे अमेरिकेत अशाच ठेक्यावर लुई जॉर्डनसारखे कलावंत सॅक्सोफोन-ट्रम्पेटच्या छोट्या ताफ्यानिशी लोकांना नाचवत होते. त्या घराण्याच्या लोकप्रिय गाण्यांच्या तक्त्याला ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने 1949 साली ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असं नाव दिलं. आजोबांना त्या नावाशी काय करायचंय? त्यांचे खांदे ठेक्यावर बरोबर पडतायत. माझ्या मते परीक्षा तीच.

फिल्म तुटली. कल्लोळ. मशीनवाल्याच्या आईबापांचा उद्धार तिन्ही भाषांत होतो. जोडाला वेळ लागेल, तोवर भजी खाऊन घ्या, पण घोंगडीवर कोणाला तरी बसवून जा.

परत आलात की ‘अलबेला’ जरूर लावा. या वेळी भगवान आणि गीता बालीवरून नजर जरा बाजूला न्या, ट्रम्पेटवाल्याकडे बघा. तो 1967 साली गेला, वयाच्या जेमतेम पन्नाशीत. निदान त्याचं नाव घरातल्या पोरांना सांगून ठेवा.