तिसऱ्या वाक्याचा धनी

शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात पेशीसिद्धांत तीन वाक्यांत आटोपतो. सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात; पेशी हे सजीवांच्या रचनेचे व कार्याचे मूलभूत एकक आहे; आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते. पहिल्या दोन वाक्यांपुढे श्लायडन आणि श्वान यांची नावे, तिसऱ्यापुढे विर्चोचे. वाचणाऱ्याला वाटावे, की तीन गवंड्यांनी एकोप्याने एकच भिंत चढवली. प्रत्यक्षात पहिली दोन वाक्ये ज्यांची, त्यांना तिसरे मान्य नव्हते. आणि तिसरे ज्याच्या नावावर चालते, त्याच्या आधी ते दुसऱ्याच एका माणसाने दाखवून दिले होते.

सुरुवात अर्थातच रॉबर्ट हूकपासून. १६६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’त त्याने बुचाच्या पातळ कापाचे चित्र दिले आणि त्यातल्या कप्प्यांना ‘सेल’, म्हणजे खोली, हा शब्द वापरला. एका घनइंचात असे १२५ कोटींहून अधिक कप्पे मावतील, असा त्याचा हिशेब होता. पण बूच ही मेलेली साल. हूकने पाहिल्या त्या रिकाम्या भिंती. आतला रहिवासी केव्हाच निघून गेला होता. आपल्या मराठी शब्दाची कुळी निराळी आहे. सुश्रुतसंहितेत शरीरात पाचशे पेशी सांगितल्या आहेत, त्या मांसाच्या. हिंदीत आजही पेशी म्हणजे स्नायू, आणि आपल्या पेशीला तिकडे कोशिका म्हणतात. दोन्ही भाषांतली पुस्तके शेजारी ठेवून अभ्यास करणाऱ्याची यात पुरेवाट होते. असो.

पुढची पावणेदोनशे वर्षे भिंगे सुधारत गेली. १८३१ साली रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशींमधल्या गोल ठिपक्याला केंद्रकाचे नाव दिले. १८३८ मध्ये मथायस श्लायडनने वनस्पतींविषयी आणि १८३९ मध्ये थिओडोर श्वानने प्राण्यांविषयी सांगितले, की सारा देह पेशींचाच. दोघांचे या विषयावर बोलणे जेवणाच्या टेबलावर झाले, ही आठवण श्वाननेच सांगितली आहे. मात्र नवी पेशी येते कुठून? श्लायडनच्या मते ती जुन्या पेशीच्या आत, द्रवातून केंद्रकाभोवती साकळते. श्वान त्याहून पुढे गेला. पेशींबाहेरच्या निराकार द्रवातही, पाकात खडीसाखरेचे खडे धरावेत तशा, पेशी धरतात, असे त्याने मांडले. पाठ्यपुस्तके नेमके हे गाळतात.

बर्लिनमध्येच रॉबर्ट रेमाक हा तरुण वैद्य कोंबडीच्या अंड्यातील गर्भाचे रक्त तपासत होता. १८४१ साली त्याने लिहिले, की या रक्तपेशी दुभंगताना दिसतात. मग बेडकाच्या अंड्यांकडे वळून, रसायनांनी त्यांचे आवरण कठीण करून, ते विभाजनाच्या वेळी कसे आत वळते हे त्याने दाखवले. १८५२ मध्ये त्याने निष्कर्ष छापला: प्राण्यांच्या सर्व पेशी पेशींच्या विभाजनातूनच येतात, रोगट गाठींतल्यासुद्धा. अकरा वर्षे एकाच प्रश्नाला चिकटून राहून मिळवलेले हे उत्तर होते, आणि माझ्या मते तिसऱ्या वाक्याचा खरा जन्म इथला आहे.

रेमाक पोझेनचा, ज्यू. प्रशियात ज्यूंना विद्यापीठातली अध्यापनाची दारे बंद होती. बाप्तिस्मा घेतला की ती उघडत. अनेकांनी घेतला, याने घेतला नाही. त्याने थेट राजाकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला. शेवटी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने शब्द टाकल्यावर १८४७ मध्ये व्याख्याने देण्याची परवानगी मिळाली. तीही बिनपगारी.

रुडॉल्फ विर्चो सुरुवातीला श्वानच्याच मताचा होता. मत बदलल्यावर १८५५ च्या लेखात त्याने प्रत्येक पेशी पेशीतूनच येते हे तत्त्व लॅटिन सूत्रात बांधले. सूत्र आटोपशीर, लगेच जिभेवर बसणारे. रेमाकची गर्भविज्ञानावरची जाडजूड पाने कोण उलगडणार? लेखात रेमाकचे नाव नव्हते, आणि त्याने पत्र लिहून विर्चोला तसे सुनावले. विर्चोला निव्वळ चोर ठरवणेही मला पटत नाही. रोगाचे मूळ पेशीत शोधायला त्याने साऱ्या वैद्यकाला शिकवले, आणि राजकारणात तो ज्यूंच्या द्वेषाविरुद्ध उभा राहिला. पण श्रेय कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

१८५६ मध्ये विर्चो प्राध्यापक म्हणून बर्लिनला आला आणि १८५८ मध्ये त्याचा पेशींच्या विकारांवरचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्याच वर्षी रेमाकचेही एक पुस्तक आले, विजेच्या प्रवाहाने मज्जातंतू व स्नायूंच्या विकारांवर करायच्या उपचारांचे. तोपर्यंत त्याचे लक्ष रुग्णांकडे वळले होते. १८५९ साली त्याला दुय्यम दर्जाचे प्राध्यापकपद मिळाले. १८६५ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो वारला, तोवर पूर्ण प्राध्यापकपद त्याच्या वाट्याला आले नव्हते.