कोटाच्या आतला कोट

लग्नाच्या मिस्सावेळी वेदीसमोर उभ्या असलेल्या नवरदेवाचा सूट सारेच न्याहाळतात. कापडाचा रंग, खांद्याची ठेवण, छातीवरील कॉलरचे वळण यांची चर्चा जेवणाच्या पंगतीपर्यंत चालते. परंतु ही ठेवण आणि हे वळण ज्याच्या आधाराने टिकते, तो थर कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. बाहेरचे लोकरी कापड आणि आतले गुळगुळीत अस्तर यांच्यामध्ये आणखी एक कोट दडलेला असतो. हा मधला थर बाहेरच्या कापडाशी कसा जोडावा, या प्रश्नाची युरोपातील शिंप्यांनी सहा शतकांत तीन उत्तरे दिली.

पहिले उत्तर रजईचे. फ्रान्समधील लियॉन येथील वस्त्रसंग्रहालयात 14व्या शतकातील एक अंगरखा जतन केलेला आहे. परंपरेने तो शार्ल द ब्ल्वा याचा मानला जातो. ब्रिटनीच्या गादीसाठी लढताना 1364 साली ओरे येथील लढाईत तो धारातीर्थी पडला. त्याच्या धर्मनिष्ठेची कीर्ती मोठी असल्याने आँझे येथील कार्मेलाइट मठाने हा अंगरखा पवित्र अवशेष म्हणून सांभाळला. पुढे 1904 साली पोप दहावे पायस यांच्या कारकिर्दीत शार्लला धन्यवादित म्हणून मान्यता मिळाली. अंगरख्याला बाहेर जरीचे रेशीम, आत लिननचे अस्तर आणि दोहोंमध्ये कापूस असून तिन्ही थर घट्ट टाक्यांनी एकत्र शिवलेले आहेत. छाती भरदार, कंबर आवळ. पुढे कित्येक शतके युरोपातील पुरुषाचा रुबाब याच आकारात पाहिला गेला.

18व्या शतकातील कोटाचा खालचा घेर ताठ राहावा म्हणून त्यात बकरम आणि घोड्याचे केस घालीत. 19व्या शतकाच्या प्रारंभी भरजरी कापड मागे पडले आणि साधे लोकरी कापड अंगाबरोबर बसणे हेच सभ्य गृहस्थाचे लक्षण ठरले. जरीने झाकता येणारा दोष आता उघडा पडू लागला. इथून शिंप्यांचे सारे कौशल्य आतल्या थराकडे वळले.

या थरास कॅनव्हास म्हणतात. छातीपाशी त्यावर आणखी एक तुकडा बसवितात. त्यात उभा धागा सुताचा आणि आडवा धागा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. हा केस चिवट व लवचीक. दाबला तरी पुन्हा उसळून येतो. त्यामुळे हे कापड उभ्या दिशेने मऊ पडते, आडव्या दिशेने मात्र आपली गोलाई सोडत नाही. शेपटीचा केस जेवढा लांब, तेवढाच या कापडाचा पन्हा! केस टोचू नयेत म्हणून त्यावर फेल्टचा मऊ थर येतो. कॅनव्हास आधी भिजवून, आटवून घेतात. नाहीतर तो पुढे आटतो आणि बाहेरच्या कापडास सुरकुत्या पाडतो.

मग दुसरे उत्तर येते: सैल टाका. कॉलरच्या घडीपाशी कारागीर दोन्ही थर बोटांवर वळवून धरतो आणि बारीक तिरपे टाके घालीत जातो. सुई बाहेरच्या कापडाचा जेमतेम एखादा धागा उचलते. दर्शनी बाजूस टाका दिसता कामा नये. असे शेकडो टाके पडले की ते वळण कायमचे होते. इतरत्र टाके ढिले ठेवतात, म्हणजे अंग हलले की प्रत्येक थर आपापल्या परीने सरकतो.

लंडनमध्ये दोन महायुद्धांमधील काळात फ्रेडरिक शोल्टे या मूळच्या डच शिंप्याने प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या आठव्या एडवर्डसाठी, छाती सैल व खांदा मऊ ठेवणारे कोट बेतले. 1930च्या दशकात नेपल्समध्ये विन्चेंझो आत्तोलिनी याने पॅड आणि अस्तर कमी करीत कोट इतका हलका केला की दक्षिण इटलीच्या उन्हातही तो सुसह्य झाला.

तिसरे उत्तर डिंकाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर उष्णतेने चिकटणारे अस्तरकापड आले आणि 1960-70च्या दशकांत कारखान्यांनी ते सर्रास स्वीकारले. आपले शिंपी त्याला फ्युजिंग म्हणतात. तासन्तासांचे हातकाम यंत्राच्या एका दाबावर आले आणि सामान्य कुटुंबातील तरुणालाही सूट परवडू लागला. हे ऋण नाकारता येणार नाही. परंतु सुरुवातीचे फ्युजिंग काही धुलाया झाल्या की सुटे आणि छातीवर फुगे येत. आजचे फ्युजिंग पुष्कळ सुधारले असले, तरी एकदा सुटलेला डिंक पूर्ववत बसविणे कठीणच.

आपल्या कपाटातील कोट कोणत्या कुळातला, हे तपासणे सोपे आहे. सर्वांत खालच्या काजाजवळ बाहेरचे कापड एका हाताच्या चिमटीत धरावे, आतले अस्तर दुसऱ्या हाताच्या, आणि दोन्ही हलकेच दूर ओढावीत. मध्ये तिसरा सुटा थर बोटांना जाणवला, तर तो कॅनव्हास. न जाणवल्यास थर चिकटविलेला आहे असे समजावे.

वडिलांच्या लग्नातला कोट कुणी जपून ठेवला असेल, तर त्याची अशी परीक्षा जरूर घ्यावी. तो कॅनव्हासचा निघाला, तर जाणत्या शिंप्याकडून मुलाच्या मापाचा करून घेता येईल. कारण टाका उसवता येतो आणि पुन्हा घालता येतो. दोन कापडे वर्षानुवर्षे एकत्र राहायची असतील, तर त्यांच्यात थोडी सैल जागा ठेवावी लागते, हे त्या जुन्या कारागिरांनी सुईने लिहून ठेवले आहे. वेदीसमोर उभ्या राहिलेल्या त्या नवरदेवाच्या अंगावरच ते असते.