सेरेंगेटी : दुसरे स्थलांतर

अरबी ‘सफर’ मराठीत जशीच्या तशी आली. स्वाहिलीत तिची ‘सफारी’ झाली. अर्थ एकच, प्रवास.

टांझानियातील सेरेंगेटीच्या सफारीचा बेत आखताना आपण लाखो वाइल्डबीस्टच्या स्थलांतराचे महिने पाहतो. माणसांचे स्थलांतर त्या वेळापत्रकात नसते.

येथे मासाई पशुपालक गुरे चारीत. ब्रिटिश अमदानीत, १९५१ मध्ये, राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १९५९ मध्ये मासाईंना तेथून उठवून शेजारच्या न्गोरोन्गोरो संरक्षित क्षेत्रात हलवण्यात आले. तेथे गुराढोरांसह राहता येईल, असे आश्वासन मिळाले. त्याच वर्षी बर्नहार्ड ग्रझिमेक यांचा सेरेंगेटीवरील माहितीपट आला. पुढे त्याला ऑस्करही लाभले.

२०२२ मध्ये शासनाने न्गोरोन्गोरोतील मासाईंना दूर हंदेनी जिल्ह्यात हलवण्यास आरंभ केला.

जीपमधून निर्मनुष्य भासणारे हे माळरान मुळात निर्मनुष्य नव्हते. सफारीचा महिना ठरवताना १९५९ हे सालही ध्यानी असावे.