प्रकाशाची साक्ष

१८ ऑगस्ट १८६८ रोजी सूर्यास खग्रास ग्रहण लागले. ग्रहणाचा पट्टा पटवर्धनांच्या जमखंडीवरून, निजामाच्या राज्याच्या दक्षिण भागातून गुंटूरकडे गेला. जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल व गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन वर्णपटदर्शक लावून सज्ज होते. सूर्यबिंबाच्या कडेवर उसळलेल्या ज्वालांच्या प्रकाशात दोघांनाही सुट्या, तेजस्वी रेषा दिसल्या. आणि त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हे निश्चित झाले.

श्रोतेहो, या निर्णयामागील तत्त्व १८५९-६० मध्ये किर्खोफ व बुन्सेन यांनी हायडेलबर्ग येथे सिद्ध केले होते. वायुरूपात तापलेले प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक रेषाच प्रकट करते. चुलीच्या ज्योतीत मिठाचा खडा पडला की ती पिवळी होते. ती सोडियमची खूण. याच खुणेच्या मार्गाने त्यांना १८६० मध्ये एका खनिज झऱ्याच्या पाण्यात सीझियम हे नवे मूलद्रव्य सापडले.

पुढे ज्योतीच्या जागी विजेने पेटलेला आर्गॉन वायूचा प्लाझ्मा आला. सूक्ष्मता वाढली, परंतु त्याला मिनिटाला दहा लिटरांहून अधिक वायू आणि किलोवॉटहून अधिक वीज लागते. असे यंत्र विहिरीच्या काठी नेणार कसे?

१९९३ साली हंगेरीतील चेरफाल्वी व मेझेई यांनी निराळी वाट काढली. त्यांनी तपासावयाच्या पाण्यालाच, किंचित आम्ल मिसळून, ऋणाग्र केले. वर काही मिलिमीटरांवर धातूचे धनाग्र. मधल्या साध्या हवेत लहानसा प्लाझ्मा पेटतो. पाण्यातील धातूंचे अणू त्यात शिरतात व आपापल्या रेषांनी ओळख देतात. आर्गॉन नको, निर्वात नको. शंभर वॉटच्या आतबाहेर वीज पुरते.

या पद्धतीवर हैदराबादेत मोलाचे काम झाले. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पदार्थघटक-विश्लेषण संस्थेतील आर. शेखर, डी. करुणासागर, जे. अरुणाचलम व सहकारी यांनी तिची नवी रचना २००९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे शेखर यांनी ॲसिटिक आम्लाच्या योगाने पाऱ्याचा माग अधिक सूक्ष्मतेने लावता येतो, हे दाखविले.

पाण्यात विरघळलेल्या पाऱ्याला रंग नाही, वास नाही. पिणाऱ्याला तो कळत नाही. पंधरा कोटी किलोमीटरांवरील सूर्याचे घटक आपण घरबसल्या वाचले. दारातील विहिरीचे पाणीही तिथल्या तिथे वाचता यावे, हीच या लहानशा ज्योतीची खरी कसोटी आहे.