गांजाची लागवड : कायदा काय सांगतो?

बीडसह मराठवाड्यात कपाशी किंवा तुरीच्या आड गांजाची झाडे आढळल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. ही वनस्पती औषधी असल्याने लागवडीस परवानगी द्यावी, अशी मागणीही होते. सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने तर २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे तसा अर्जच केला होता. यासंबंधीच्या कायदेशीर तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

गांजा म्हणजे काय?
१९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानुसार (एनडीपीएस) या वनस्पतीची राळ म्हणजे चरस, तर फुलोऱ्याचे वा फळे धरलेले शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे पानांपासून होणारी भांग राज्यांच्या कायद्यांखाली येते. महाराष्ट्रात तिला १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे.

शिक्षा
गांजा जवळ बाळगल्यास वजनानुसार शिक्षा ठरते. एक किलोपर्यंतचा साठा 'अल्प', तर २० किलोहून अधिक साठा 'व्यापारी' मानला जातो. व्यापारी साठ्यासाठी १० ते २० वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. लागवडीला मात्र वजनाचे हे माप लागू नाही. झाडे दोन असोत वा दोनशे, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या शेतात अशी लागवड असल्याचे ठाऊक असूनही न कळविणारा जमीनधारकही शिक्षेस पात्र ठरतो. जमीन बटईने देऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी ही तरतूद विशेषत्वाने ध्यानात घ्यावी.

औषधी उपयोग
वैद्यकीय व शास्त्रीय कारणांसाठी कायद्यात अपवाद आहे. परंतु त्यासाठी शासनाचा परवाना लागतो. आयुर्वेदात ही वनस्पती 'विजया' नावाने परिचित आहे. तिच्यातील कॅनाबिडिऑल या घटकापासून तयार केलेल्या औषधाला अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २०२० मध्ये या वनस्पतीला सर्वांत कडक निर्बंधांच्या यादीतून वगळले, तेव्हा भारतानेही ठरावाच्या बाजूने मत दिले. त्याने देशातील कायदा मात्र शिथिल झालेला नाही.

तंतू व बियांसाठी औद्योगिक लागवडीची तरतूदही कायद्यात आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये तिच्या आधारे परवाना दिला. परवाना हाती नसताना केलेली लागवड, हेतू औषधाचा असला तरी, गुन्हाच ठरते.