अण्णांचे ब्रॉय

आमचे अण्णा सांगलीला पदार्थविज्ञान शिकवत. इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो असं मांडणारा लुई द ब्रॉय, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतला डी ब्रॉग्ली, हा त्यांचा लाडका. पण आम्हा नातवंडांना ते समीकरण नाही, त्याच्या खापरपणजोबांची गोष्ट सांगत.

हे घराणं मूळचं इटलीतल्या पिएमोंतचं. सतराव्या शतकात फ्रान्सला आलं, तलवारीवर मोठं झालं. लागोपाठ तीन पिढ्यांत तीन मार्शल, 1742 पासून ड्यूकपद. 1789 च्या जुलैत राज्यक्रांतीत बास्तीयचा तुरुंग पडला तेव्हा दुसरा ड्यूक राजाचा युद्धमंत्री होता. मंत्रिपद काही दिवसांतच संपलं आणि म्हाताऱ्याने देश सोडला. मुलगा क्लोद-व्हिक्तोर, म्हणजेच तो खापरपणजोबा, मात्र क्रांतीच्या बाजूचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला गेलेला, पुढे नव्या संसदेचा अध्यक्षही झालेला. 27 जून 1794 ला क्रांतीने त्याचंच मुंडकं उडवलं. बरोबर महिन्याने ही कत्तल चालवणारा रोबेस्पिएर पडला. “एकच महिना रे!” म्हणत अण्णा पानाचा डबा पुढे ओढत. मरायला जाताना क्लोद-व्हिक्तोरने आठ वर्षांच्या पोराला बजावलं होतं, की माझं काहीही होवो, तू स्वातंत्र्याची बाजू सोडू नकोस.

पोराने, व्हिक्तोरने, सोडली नाही. डिसेंबर 1815 मध्ये नेपोलियनचा मार्शल ने याच्यावर सरदारांच्या सभागृहात राजद्रोहाचा खटला चालला. व्हिक्तोरची तिशी नुकती पुरी झालेली, मताचा हक्क अगदी ताजा. बाकीचे दोषी म्हणत असताना हा निर्दोष म्हणाला. ने याला गोळ्या घातल्याच. पुढे हा पंतप्रधान झाला, लेखिका मादाम द स्तालचा जावई तर होताच. गुलामगिरी कशी संपवावी हे ठरवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपदही त्याने सांभाळलं. मला विचाराल तर नोबेलवाल्यापेक्षा हा मोठा. अण्णांना हे मुळीच पटायचं नाही.

व्हिक्तोरचा मुलगा आल्बेर अण्णांच्या गोष्टीत नसायचा. तो मला आत्याआजीच्या न्यूयॉर्कहून आलेल्या पोस्टकार्डामुळे कळला. कार्डावर अँग्रने रंगवलेली त्याची बायको: फिकट निळं झुळझुळीत साटीन, सोनेरी खुर्चीच्या पाठीवर टेकलेले हात, खुर्चीत टाकलेली शाल आणि हातमोजे. 1860 मध्ये क्षयाने ती पस्तिशीतच गेली. आल्बेरने ते चित्र पडद्याआड ठेवलं. हा दोनदा पंतप्रधान, इतिहासकार, आणि बापाच्या मानाने पुष्कळच राजनिष्ठ. 1877 च्या निवडणुकीत प्रजासत्ताकवाद्यांनी त्याला धूळ चारली.

नौदलातला नातू मोरिस विज्ञानाकडे वळू लागला तेव्हा आल्बेरला ते रुचलं नाही. सरदाराच्या पोराने काचेच्या नळ्या फुंकत बसायचं? आजोबा गेल्यावर मोरिसने नौदल सोडलं आणि पॅरिसच्या हवेलीतच क्ष-किरणांची प्रयोगशाळा थाटली. विजेच्या तारांसाठी भिंतीवरच्या उंची पडद्यांना भोकं पाडली म्हणे. हे अण्णा फार रंगवून सांगत. धाकटा भाऊ लुई इतिहासाची पदवी घेऊन बसलेला. 1911 च्या पदार्थविज्ञानाच्या सोल्वे परिषदेचे कागद मोरिसकडे होते. ते वाचून लुईने वाट बदलली. महायुद्धात तो आयफेल टॉवरच्या बिनतारी केंद्रावर होता. 1924 ला प्रबंध. 1927 मध्ये निकेलच्या स्फटिकावर आदळलेल्या इलेक्ट्रॉनांनी त्याचं म्हणणं खरं ठरवलं, आणि 1929 ला नोबेल.

मोरिसमागे मूल नव्हतं, म्हणून 1960 मध्ये ड्यूकपद लुईकडे आलं. त्याने लग्नच केलं नाही. 1987 ला तो गेल्यावर पदवी एका लांबच्या चुलत नातलगाकडे गेली.