ढिली रायफल

परवा कपाट आवरताना काकांचा जुना खाकी पट्टा सापडला. काका दौंडला राज्य राखीव पोलीस दलात होते. सुटीत शिरूरला आले की आम्ही पोरं विचारायचो, "काका, नेम कसाय?" ते म्हणायचे, "नेम बरा आहे रे, रायफलच ढिली आहे." आम्ही खो खो हसायचो. नाचता येईना, अंगण वाकडं!

आता वाचल्यावर कळतंय, अंगण खरंच थोडं वाकडं होतं. आणि तेही मुद्दाम!

त्यांची रायफल थ्री-नॉट-थ्री. तिचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, काडतुसापेक्षा सैल. बुडाच्या कडेवर काडतूस अडतं, त्यामुळे पुढे सैल असलं तरी बार उडतो. पण काडतूस किंचित तिरकं बसलं, तर गोळीही नळीत तिरकीच शिरते. शिवाय पितळी पुंगळी फुगून चेंबरचा आकार घेते. परदेशात हौशी लोक रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात. दर वेळी ती दाबून मूळ मापाला आणली तर पितळ थकतं आणि बुडाजवळ तडकतं. म्हणून जाणकार फक्त तिचं तोंड आवळतात आणि त्याच रायफलीत वापरतात. पायात सरावलेली वहाण जशी दुसऱ्याला होत नाही, तसंच हे.

मग सैल ठेवलीच कशाला?

उत्तर आमच्या शिरूरपासूनच सुरू होतं. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीची फौज इथून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढली. त्यांच्या ठासणीच्या ब्राउन बेस बंदुकांची नळी ०.७५ इंच आणि गोळी साधारण ०.६९. दीड मिलिमीटर फट! त्यात नेम जायचा, पण दारूच्या काजळीने नळी भरली तरी पुढची गोळी ठासता यायची.

एप्रिल १९१५, ईप्रची लढाई. कॅनडाच्या सैनिकांकडे रॉस रायफली होत्या. चेंबर घट्ट, नेम उत्तम. पण ब्रिटिश काडतुसं त्यात अडकू लागली, बोल्ट लाथेने उघडावा लागे. अनेकांनी त्या टाकून मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या सैल ली-एनफील्ड उचलल्या. तीच ही थ्री-नॉट-थ्री.

काकांच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग आम्ही हसण्याच्या नादात कधी नीट ऐकलाच नाही. "...पण कधी अडकली नाही."

काका आता नाहीत. पट्टा पुसून परत कपाटात ठेवलाय.